मामी ‘झाली’ म्हणेपर्यंत

१२ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

उतारावरचे दगडी बांध मी घातले. वेलींचे खांब मी तासले, तारा मी ओढल्या. तळघर मी खणलं, कमान मी चढवली. ‘पडेल’ म्हणून जो गवंडी तेव्हा हसला होता, तो आता त्याच कमानीखाली उभा राहून फुकट पितो. द्राक्षं पिळायचा चरक मी बनवला. त्याचं मळसूत्र एका मोडीत काढलेल्या ट्रकच्या जॅकचं आहे. बाटल्यांच्या मांडण्या, गाळणी, बुचं ठोकायची दांडी, तळघराच्या दाराची कडी, सगळं माझ्या हातचं. लेबलं मी लिहितो, खळही मीच शिजवतो. पिंपं तेवढी विकत आणली. लाकूड वाफेवर वाकवताना माझी दोनदा फजिती झाली, आणि तिसऱ्यांदा तुझ्या मामीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवा फोनवर तू म्हणालीस, “मामा, तुमची घरगुतीच ना?” घरगुती तो मुरंबा. मी करतो ती वाईन. आणि फोनवर तू हो हो म्हणतेस आणि ठेवल्या ठेवल्या विसरतेस, म्हणून आता कागदावर.

द्राक्ष कॅबर्ने. दाणा वाटाण्यापेक्षा जरा मोठा, साल जाड, आत गर थोडा आणि बियाच फार. तोंडात टाकलास तर फसवल्यासारखं वाटेल. पण रंग, तुरटपणा, सुगंध, सगळं त्या सालीतच असतं. आमचं खोरं त्याला मानवतं. वर खडी, खाली खडी, मध्ये नावाला माती. दुपारी नदीकडून वारा सुटतो, रात्री गारठा पडतो. द्राक्ष सावकाश पिकतं, घाई करत नाही.

दोन बाटल्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय. तू त्या बंदरावरच्या हॉटेलात मुख्य स्वयंपाकीण आहेस. तुझ्या मालकीणबाईंना चाखायला दे. बरोबर भाजलेलं मटण, चरबी न काढता. मासा नको.

माझी वाईन इथली सोसायटी पिंपानं उचलते आणि दहाजणांच्या मालात मिसळते. कुठल्याही हॉटेलच्या छापील कार्डावर ती एकदाही आलेली नाही. ती यावी एवढंच मला हवंय. पैशाचं मागाहून बघू.

तुझा मामा

२१ मार्च

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

बाटल्या पोचल्या, एकही फुटली नाही. मामा, रागावू नका. तुम्ही चुकून दुसरंच काही भरलंत का?

पहिला घोट मी घेतला. वाटलं, मघाशी कच्चं केळं चिरत होते, त्याचंच काहीतरी बोटाला राहिलं असेल. हात धुतले, परत घेतला. जीभ टाळ्याला चिकटली. चहाची पूड चावून खाल्ल्यासारखं. मी मासळीवाल्या आचाऱ्याला दिली. तो मोठ्या मनाचा माणूस आहे, कशालाही वाईट म्हणत नाही. तो ग्लास उजेडाकडे धरून म्हणाला, “रंग छान आहे.”

मालकीणबाईंची रीत अशी की कुठलीही वाईन आधी रिकाम्या तोंडी चाखायची, नुसत्या पाण्यावर. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास ठेवला आणि मला विचारलं, “तुझे मामा हे पितात, की यात चामडी भिजत घालतात?”

मटणाबरोबरही दिली. थोडा फरक पडला, पण थोडाच.

दुसरी बाटली मी रात्री घरी एकटीनं उघडली. म्हटलं, घरच्या माणसांनी तरी न्याय करावा. तीही तशीच. मला काही कळत नाही. तुमच्याकडे मी प्यायले होते ती वाईन ही नव्हे.

मामीला नमस्कार. माझ्यामुळे घरात भांडण लावू नका.

ठमी

२९ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

मी रागावलेलो नाही. खालील गोष्टी फक्त तपासून बघ.

वाईन सोळा अंशांवर होती का? भट्टीशेजारी ठेवली असशील तर माझा इलाज नाही. तासभर आधी उघडून रुंद भांड्यात ओतली होतीस का? ग्लास कशानं धुतात? साबणाचा एक थेंब राहिला तरी कॅबर्ने तोंड फिरवते. ट्रकमधून उतरल्यावर तिला चार दिवस निजू दिलंस का? हादऱ्यानं बिथरते ती. तुझी मालकीणबाई तरी सोळा तास ट्रकमध्ये बसून आल्यावर गोड बोलेल का?

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी त्याच पिंपातली बाटली उघडली. गवंडी होता, टपालवाला होता, तुझी मामी होतीच. नेहमीसारखं मामीनं तिचं शेळीच्या दुधाचं मुरलेलं चीज कापून ठेवलं होतं. गवंडी म्हणाला, सायीसारखी उतरते. टपालवाल्यानं दोनदा मागितली. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, चामडीचं वाक्य सोडून. सगळे चाट पडले. मामी म्हणाली, “शहरात पाणी वाईट असतं, जिभा जातात पोरांच्या.”

आणखी दोन पाठवतोय. त्याच पिंपातल्या, त्याच दिवशी भरलेल्या. वरची यादी पाळून उघड.

तुझा मामा

११ एप्रिल

ती. मामांस नमस्कार.

यादी शब्दशः पाळली. ग्लास मी स्वतः नुसत्या गरम पाण्यानं धुतले. थर्मामीटर बेकरीवाल्याकडून उसना आणला, तो मला आता वेडी समजतो. चार दिवस बाटल्या माझ्या पलंगाखाली निजल्या आणि मी मात्र त्यांना पाय लागेल म्हणून जागी.

तरी तीच गत.

म्हणून मी एकच उघडली. दुसरी तशीच, बूच न काढता, ट्रकवाल्याबरोबर तुम्हाला परत पाठवतेय. ती तुम्ही प्या. म्हणजे प्रवासात बिघडते की नाही याचा निकाल लागेल.

आणि आता खरी चक्रावणारी गोष्ट. रविवारी आईकडे गेले होते. तिच्या कपाटात तुमच्या हातच्या लेबलाची एक जुनी बाटली सापडली, अकरा वर्षांपूर्वीची. आई म्हणाली, “घेऊन जा, मी कुणासाठी ठेवू?” ती मी मालकीणबाईंना दिली. रिकाम्या तोंडी. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “हीच पाहिजे. ही तुझ्या मामांचीच?” मलाही ती नुसती प्यायला आवडली. जांभळासारखी, आणि शेवटी फक्त जरासा तुरटपणा, हळूच हात धरल्यासारखा.

तुम्ही म्हणाल, वयानं मऊ झाली. पण आईनं तीच वाईन त्या वर्षी ताजी असताना प्यायली होती. ती म्हणते, तेव्हाही अशीच होती, फक्त जास्त अल्लड.

मग मामा, मध्ये झालं काय? द्राक्ष तेच, खोरं तेच, तुम्ही तेच. का वेगळ्या द्राक्षाची कलमं लावलीत?

ठमी

१९ एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद.

तू परत पाठवलेली बाटली काल संध्याकाळी जेवताना उघडली. उत्तम. कुठंही बोट ठेवायला जागा नाही. बत्तीस तास ट्रकमध्ये हिंदकळूनही उत्तम. म्हणजे प्रवास निर्दोष, बाटली निर्दोष, बूच निर्दोष. राहिल्या तुम्हा लोकांच्या जिभा. पण त्याच जिभांना अकरा वर्षांपूर्वीची आवडली, म्हणजे त्याही निर्दोष. मग दोष कुणाचा, हे मला कळेना. मी सकाळपासून तळघरात आहे. नळ्या उकळल्या, पिंपाच्या फळ्या हुंगल्या, विहिरीचं पाणी चाखलं. काही नाही.

नवं कलम एकही लावलेलं नाही. पद्धतही बदललेली नाही. तुला ती नीट माहीत नसेल म्हणून लिहितो.

द्राक्षं फोडून रस आणि साली एकत्र हौदात ठेवायच्या. जितके दिवस साली रसात, तितका रंग आणि तितका तुरटपणा. साली कधी काढायच्या, ह्यातच सगळी वाईन असते. पुस्तकं मोजमापं सांगतात. आमच्याकडे तुझी मामी सांगते. लग्नानंतरच्या दुसऱ्या हंगामापासून ही रीत आहे. रोज रात्री जेवताना मी हौदातली वाटीभर तिच्यापुढे ठेवतो. ती चिजाचा तुकडा खाते, एक घोट घेते, आणि म्हणते, “पातळ आहे, राहू दे.” ज्या रात्री ती म्हणते “झाली”, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चरक फिरवतो. मग मीही चिजाबरोबर चाखतो, आणि ती कधी चुकलेली नसते. तिची जीभ खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. चार घरच्या बायका आपापलं चिजाचं खारं पाणी तिच्याकडून चाखून नेतात.

दिवस म्हणशील तर ते जरा वाढलेत. अकरा वर्षांपूर्वी नऊ दिवसांत झाली होती, गेल्या खेपेला एकवीस लागले. वेली थकल्या असाव्यात, साली रंग सोडायला वेळ घेतात. पण शेवटी चव तीच येते, हे मी शपथेवर सांगतो.

ट्रकवाल्याकडे मी त्याच पिंपातली आणखी एक बाटली दिलीय आणि मामीनं तुझ्यासाठी चिजाचा एक गोळा. म्हणाली, “पोरीला काही खायला पाठवा, नुसतं पिऊन तिचं डोकं फिरलंय.”

तुझा मामा

२ मे

ती. मामांस नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. सरळ लिहिते.

चीज मिळालं. मी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि नळाकडे पळाले. मामा, ते खारट नाही, ते नुसतं मीठ आहे. दुधाला वाटेत कुठंतरी मीठ भेटलं असं नाही, मिठाला थोडं दूध भेटलंय. मासळीवाल्या आचाऱ्यानं खाल्लं. ह्या वेळी तो म्हणाला, “आकार छान आहे.”

मग मला काय वाटलं कोण जाणे, त्या खारट तोंडावर मी गोळ्याबरोबर आलेली तुमची वाईन घेतली. आणि मी ओट्याला टेकून उभीच राहिले. सायीसारखी. तुमच्या गवंड्याचा शब्द अगदी बरोबर आहे. तुरटपणा गेला कुठं, मीठ गेलं कुठं, काही कळेना. परत नुसती वाईन घेतली, तर चहाची पूड. नुसतं चीज, तर समुद्र. दोन्ही एकत्र, तर तुमचं घर. मालकीणबाईंना तसंच दिलं. त्यांनी तीन तुकडे संपवले आणि मला विचारलं, “ही काय जादू आहे?” मी म्हटलं, “मलाच कळत नाही.”

पण मग रात्रभर विचार केला आणि थोडं कळलं. कळलं ते मला आवडलं नाही.

लहानपणी मी मामीचं चीज तुमच्या पायरीवर बसून नुसतं खायचे, पावाशिवाय, पाण्याशिवाय. तेव्हा ते असं नव्हतं. म्हणजे मीठ वाढत गेलंय. दर वर्षी चिमूटभर वाढलं असेल, म्हणून रोज खाणाऱ्या तुम्हाला कळलं नाही. आणि त्या खारट चिजाबरोबर चाखली की नऊ दिवसांची वाईन पातळच लागणार. म्हणून मामी म्हणते राहू दे, आणि तुम्ही ठेवता. वेली थकलेल्या नाहीत, मामा.

मामी मीठ घालते तेव्हा एकदा नुसते जवळ उभे राहा. काही बोलू नका. नुसतं बघा.

ठमी

१७ मे

चि. ठमीस आशीर्वाद.

बघितलं.

पूर्वी ती चिजाच्या पातेल्यातल्या पाण्यात मिठाच्या दोन मुठी घालायची. हे मला नक्की आठवतं, कारण पातेल्याला कल्हई मी लावली होती. परवा तिनं चार घातल्या. बोट बुडवून चाखलं, आणि पाचवी घातली. मी म्हटलं, “आज जरा जास्त का?” ती म्हणाली, “हल्ली मिठातच दम राहिला नाही. तीन दुकानं बदलली.” मग मला आठवलं, खरंच तीन दुकानं बदलली. मीच पिशवी घेऊन गेलो होतो.

शुक्रवारी मी बाहेर खांबांना तार लावत होतो. मला तिथं दूध करपल्याचा वास आला. आत गेलो तर ती त्याच चुलीशी, त्याच पातेल्यासमोर, शेजारणीशी बोलत उभी होती. शेजारीण नाक मुरडत होती. शेजारणीला वाटलं पातेलं जुनं आहे. मी म्हटलं, “हो, जुनं आहे, कल्हई गेली.” माझ्या हातच्या कल्हईला मी आयुष्यात पहिल्यांदा नाव ठेवलं.

माझ्या खोकल्याचं निमित्त करून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांना आधी बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझी छाती तपासली आणि सहज केल्यासारखं तिचं नाक आणि घसाही बघितला. मला म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. वास आणि चव अशी हळूहळू जाते कधीकधी. परत येईलच असं सांगता येत नाही.

आता माझी अवस्था ऐक. काल मी तळघरात एकटा बसलो, चीज न घेता, आणि माझी वाईन रिकाम्या तोंडी प्यायलो. लग्नानंतर प्रथमच. तुझ्या मालकीणबाईंचं म्हणणं खरं निघालं. मग वर जाऊन जेवणाबरोबर तीच प्यायलो, तर गवंड्याचं म्हणणं खरं निघालं. ह्यातली माझी वाईन कुठली? कमान मी चढवली, चरक मी बनवला, पण ‘झाली’ हा शब्द माझा नव्हताच कधी. नऊ दिवसांची बरोबर होती, की एकवीस दिवसांची बरोबर आहे? मी ह्याचं उत्तर काढायला बसतो आणि मध्येच उठतो.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. ती लगेच फोन करेल.

तुझा मामा

२८ मे

ती. मामांस नमस्कार.

आईला सांगितलेलं नाही.

मालकीणबाईंचं म्हणणं कळवते, त्यांनी सांगितलंय तसंच. त्यांना तुमची वाईन आणि मामीचं चीज दोन्ही हवंय, एका लाकडी पाटीवर एकत्र. दर वर्षीच्या सगळ्या बाटल्या आणि सगळे गोळे. सोसायटीला एक थेंब द्यायचा नाही. करार पाच वर्षांचा, तो रकमेसकट बंद लिफाफ्यात ट्रकवाल्याकडे दिलाय. सोबत त्यांनी नमुन्याचं कार्ड छापून पाठवलंय, बघा. वरून तिसऱ्या ओळीत तुम्ही आहात.

अट एक. चिजातलं मीठ अर्ध्यावर आणायचं, आणि साली नवव्या-दहाव्या दिवशी काढायच्या. त्या म्हणतात, दोन घास जादूचे असतात, पण तिसऱ्या घासाला गिऱ्हाईक पाण्याचा जग मागतं.

मी त्यांना विचारलं, नुसती वाईन घ्याल का? म्हणाल्या, “नुसत्या वाईन माझ्याकडे साठ आहेत. मला ही जोडी हवीय.”

मामा, मला वाटतं मामीला सांगावं. प्रेमानं सांगता येतं. मी येऊ का? मी सांगेन. किंवा मीठ मोजायचं एक माप बनवून द्या, तुम्ही काहीही बनवता. म्हणावं, शहरातली रीत आहे. पण मग मला असंही वाटतं की मामी एका क्षणात ओळखेल. मी काय करावं ते तुम्हीच सांगा, माझी मती चालत नाही.

ठमी

९ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

माप मी बनवलं. तांब्याचं, कडेला गोल मुडपलेलं, बरोबर अडीच मुठींचं. चांगलं झालं होतं. ते खिशात घालून मी आठवडाभर हिंडलो.

रविवारी जेवायला बसलो होतो. मामीनं चीज कापलं, मी वाईन ओतली. तिनं विचारलं, “ठमीच्या मालकिणीला आवडलं का?”

“फार आवडलं.”

“काही कमी-जास्त?”

माप माझ्या खिशात होतं, मांडीला टोचत होतं. मी म्हटलं, “काही नाही.”

“मग तुम्ही हल्ली इतकं पाणी का पिता?”

“उकडतंय.”

तिनं सुरी खाली ठेवली. मग उठली, पाण्याचा जग भरून आणला आणि माझ्या ताटाजवळ ठेवला. सोमवारी मी जेवायला आलो तर जग आधीच तिथं होता. मंगळवारीही. तो रोज असतो. तिला कळलंय का? कळलं असेल तर ती मीठ कमी का करत नाही? नसेल कळलं, तर जग का ठेवते? मी विचारत नाही. पण एक गोष्ट झाली. काल शेजारीण तिचं खारं पाणी चाखायला घेऊन आली. मामी म्हणाली, “आज मला सर्दी आहे, ह्यांना दे.” सर्दी नव्हती. मी चाखलं. म्हटलं, “थोडं कमी घाला.” मामीनं शेजारणीला सांगितलं, “ते म्हणतात तसं कर.” आणि आमच्या पातेल्यात मात्र तिनं पाच मुठी घातल्या, माझ्यासमोर, पाचवी जरा सावकाश.

माप मी कोंबड्यांच्या दाण्यात टाकलं आहे. त्यासाठी ते फार उपयोगी आहे.

पुढच्या हंगामातही मी रोज रात्री वाटी तिच्यापुढे ठेवणार. एकवीस दिवस लागोत नाहीतर पंचवीस. ती ‘झाली’ म्हणाली की चरक फिरवणार. चांगली होईल की वाईट, हे मला आता खरंच सांगता येत नाही. ह्या एका टेबलापुरती चांगली होईल, एवढं माहीत आहे. तू आलीस की आधी चीज खा, मग ग्लास उचल. मटणाची गरज नाही.

कार्ड सुंदर छापलंय. तळघरात कमानीखाली लावलंय, ओळंबा धरून. गवंडी रोज तिसरी ओळ मोठ्यानं वाचतो. मामीनंही वाचली आणि म्हणाली, “आता छापून आलं ना? झालं तर.”

मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि नीट कळव, म्हणजे मागाहून गैरसमज नको. त्यांचा देकार असा होता, ट्रकवाल्यानं आणलेल्या बंद लिफाफ्यातल्या करारात लिहिल्याप्रमाणे: सर्व वाईन, सर्व चीज, मीठ निम्मं, पाच वर्षं, दर वर्षी सहा लाख चाळीस हजार, पहिल्या वर्षाचे अर्धे आगाऊ. मी नाही म्हटलं.

तुझा मामा